स्पंजाची रीतसर तपासणी

आमच्या मिक्सरमध्ये ग्रॅफाइटची पूड मी एकदाच फिरवली. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण घरात सध्या ‘दोनदा’ अशी आवृत्ती प्रचलित आहे आणि बायकोने ती तिच्या माहेरपर्यंत पोहोचवली आहे. दुसऱ्या वेळी मिक्सर मी फक्त धुण्यासाठी सुरू केला होता. तेव्हा भिंतीवर जे उडालं ते पहिल्याच पुडीतलं शिल्लक होतं, आणि न्यायाने पाहिलं तर त्याची जबाबदारी झाकणाकडे जाते. पण न्यायाने पाहायला आमच्याकडे कोणाला वेळ नसतो.

मुळात मुद्दा मिक्सरचा नव्हताच. मुद्दा माझ्या वडिलांच्या उजव्या गुडघ्याचा होता.

गुडघा बदलून पाच आठवडे झाले होते आणि नवा गुडघा अठ्ठेचाळीस अंशांपुढे वाकायला तयार नव्हता. फिजिओथेरपिस्ट बाईंनी प्लास्टिकचा कोनमापक पायाला लावला, आकडा वाचला आणि मला दाराबाहेर बोलावलं.

“घरी व्यायाम करतात ना?”

“करतात की. दिवसातून तीनदा, वीस-वीस वेळा.”

“हे कोण सांगतं?”

“ते स्वतःच.”

बाईंनी मागचं दार ओढून घेतलं. मग म्हणाल्या, “तीन आठवड्यांत नव्वद अंश झाले नाहीत, तर सर्जन पुन्हा भूल देऊन गुडघा वाकवतील. त्या आधी तुम्ही काय ते बघा.”

पुन्हा भूल! पहिल्या भुलीनंतर दोन दिवस वडिलांनी मला ओळखलं नव्हतं. मी उशाशी बसलेला, आणि ते अगदी सभ्यपणे विचारत होते, “आपण कोणत्या दुकानाचे?” वडील चौतीस वर्षं वजनमापं तपासणीस होते, त्यामुळे अनोळखी माणूस त्यांच्या लेखी कोणत्या तरी दुकानाचाच असतो. बायको हसली, मीही हसलो, आणि मग जिन्यात जाऊन बराच वेळ उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी ते ताळ्यावर आले. पण शहात्तराव्या वर्षी दुसऱ्यांदा भूल दिली तर पुन्हा येतीलच, असं छातीठोकपणे सांगायला कोणी डॉक्टर तयार नव्हता. मला भीती वाटत होती. उगाच लपवत नाही.

वडिलांची दिनचर्या अशी की बायको शाळेत शिकवायला गेली आणि मी कार्यालयात गेलो की घरात ते एकटे. संध्याकाळी विचारलं, व्यायाम झाला का, की ते वर्तमानपत्राच्या आडून म्हणत, “झाला.” आवाज असा की पुढे प्रश्न विचारणारा माणूस घरंदाज नाही असं वाटावं. या मनुष्याने चौतीस वर्षं कोणत्याही दुकानदाराच्या ‘झालं साहेब’वर विश्वास ठेवला नव्हता, आणि आम्ही मात्र त्यांच्या ‘झाला’वर विश्वास ठेवून बसलो होतो.

त्याच आठवड्यात भाची जेवायला आली. भाची एका प्रयोगशाळेत स्पंज ताणते. म्हणजे पगार त्याचाच घेते. तिने पर्समधून बोटभर रुंदीची काळी पट्टी काढली आणि माझ्या कोपरावर बांधली.

“मामा, हात वाकव.”

मी वाकवला. तिच्या छोट्या मीटरवरचा आकडा चढला. सरळ केला, आकडा उतरला.

“स्पंजाला अंगभर छिद्रं असतात ना,” ती म्हणाली, “त्या छिद्रांच्या भिंतींवर कार्बनचा लेप दिलाय. ताणलं की लेपाचे कण एकमेकांपासून दूर जातात, वीज अडखळते, आकडा चढतो. सोडलं की पुन्हा जवळ येतात. अंगावर बांधलं की कोण किती वाकलं ते कळतं.”

कोण किती वाकलं ते कळतं! मी वडिलांकडे पाहिलं. ते भातात दूध कालवण्यात मग्न होते, त्यांनी ऐकलं नसावं.

ही पट्टी मला दे, असं मी भाचीला जाता जाता म्हणालो. ती म्हणाली, देता येत नाही, अर्ज करावा लागतो. मी रीतसर अर्ज केला. चार दिवसांनी उत्तर आलं की माणसाच्या अंगावर वापर करायचा असल्यास समितीची परवानगी लागते, समिती तीन महिन्यांतून एकदा बसते, आणि दरम्यान अर्जदाराने ‘वापरकर्ता सजीव आहे किंवा कसे’ ते स्पष्ट करावं. मी स्वतः सरकारी नोकर, नगररचना कार्यालयात नकाशे काढतो. असली पत्रं मीही लिहिली आहेत. पण ती आपल्याला येतात तेव्हा त्यांची चव वेगळी लागते.

तेव्हा मी ठरवलं की पट्टी घरीच करायची. एक स्पंज, थोडी काळी पूड, दोन वायर. यात काय आहे?

काय आहे ते सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात घट्ट कुलपात घालायला ग्रॅफाइटची पूड मिळते, चिमूटभर डबीत. मी अकरा डब्या मागितल्या. दुकानदाराने विचारलं, “इतकी कुलपं?” मी म्हणालो, “एकच गुडघा.” त्यानंतर त्याने मला बिल न मागताच दिलं. पूड रबराच्या चिकट द्रावणात कालवायची होती आणि गुठळ्या होत होत्या, म्हणून मिक्सर. बाकीचं वर आलंच आहे.

स्पंज त्या काल्यात बुडवून, पिळून, गॅलरीत वाळत घातला. मग हात पुसत खाली इलेक्ट्रिशियनकडे मीटर मागायला गेलो आणि परत आलो. हात पुसले आहेत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. अर्ध्या तासाने सोसायटीचे सेक्रेटरी दारात. जिन्याच्या कठड्यावर तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत काळे पंजे उमटले होते, आणि त्यांचा माग काढत ते आले होते.

“ठसे तुमच्या बेलपाशी संपतात,” ते म्हणाले.

“योगायोग,” मी म्हणालो आणि त्यांच्याशी सवयीने हस्तांदोलन केलं.

सेक्रेटरी हात धुवायला म्हणून आत आले ते तासभर बसले. गुडघा हा अवयव असा आहे की तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे सल्लाही असतो. सेक्रेटरींच्या मते पायाला वाळूची पिशवी लटकवायला हवी होती. त्यांच्या मेव्हण्याने लटकवली होती. मेव्हण्याचा गुडघा वाकला का, असं बायकोने विचारलं. “गुडघ्याचं माहीत नाही,” ते म्हणाले, “पण पिशवी फाटली.” खालच्या मजल्यावरच्या मावशी साबण न्यायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या की गुडघ्याला धाक लागतो, लाड केले की तो शेफारतो. वडील आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होते. त्यांचा चेहरा अधिकाधिक सरकारी होत चालला होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी तयार झाली. नी-कॅपवर मी ती शिवली, दोन टोकांना वायर अडकवल्या, मीटर जोडला आणि वडिलांसमोर उभा राहिलो.

“हे काय?”

“काही नाही बाबा. दिवसभर बांधून ठेवायचं. पाय किती वाकतो ते यावर कळतं.”

“कोणाला कळतं?”

“म्हणजे... आपल्याला.”

वडिलांनी चष्मा काढला. “माझ्यावर पाळत?”

“पाळत कसली? फक्त आकडा.”

“पाळत ठेवायला मी काय भेसळ करतो?” ते म्हणाले आणि त्यांनी नी-कॅप हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. माझ्या टाक्यांवर त्यांची नजर थांबली. मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्याने पुढचे दोन आठवडे ठरले.

“हे यंत्र तपासून घेतलंय?”

“कोणाकडून?”

“तेच विचारतोय. वापरात आणण्यापूर्वी कोणत्याही मापाची तपासणी व्हावी लागते. ही पट्टी पंचवीस अंशाला पन्नास म्हणाली तर? गिऱ्हाईक मी आहे.”

मी म्हणालो, बाबा, घरातल्या घरात तपासणी कसली. त्यावर त्यांनी माझ्याकडे आखायला दोन फूट लांब पट्टी, तांबडं पेन आणि आठ फूलस्केप कागद मागितले. संध्याकाळपर्यंत चौदा रकान्यांचा तक्ता तयार होता, सुबक अक्षरात, पाठ असल्यासारखा. ‘निर्मात्याचे नाव व पत्ता’ याखाली माझं पूर्ण नाव आणि आमचाच पत्ता. ‘यंत्राची क्षमता’ या रकान्याशी ते थांबले.

“किती अंशांपर्यंत मोजतं?”

माझ्या जागी कोणीही असता तरी त्याने हात आखडता घेतला नसता. एवढ्या अपमानानंतर माणूस साठ सांगत नाही. “शून्य ते शंभर,” मी म्हणालो.

“लिहून देतोस?”

मी सही केली.

तपासणीला प्रमाण माप लागतं. बाईंचा प्लास्टिकचा कोनमापक वडिलांनी पहिल्याच भेटीत बाद केला होता, कारण त्यावर शिक्का नव्हता. आमच्या कार्यालयात पितळी कोनमापक आहे, खात्याचा शिक्का मारलेला. तो घरी न्यायला गेटपास. भांडारपालाने विचारलं, कशाचा कोन? मी म्हणालो, वडिलांचा. त्याने कारणाच्या रकान्यात ‘घरगुती कोन’ असं लिहिलं आणि त्यावर दोन वरिष्ठांच्या सह्या घ्यायला लावल्या. दुसऱ्या वरिष्ठांनी मला बसवून घेतलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं आपुलकीने विचारलं.

मग तपासणी सुरू झाली. मी सकाळी कार्यालयात जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर, दुपारी शाळा सुटल्यावर बायको. दुपारी का, तर उष्णतेने मापं फुगतात, तेव्हा थंड वेळ, गरम वेळ, दोन्ही बघायच्या. वडील पलंगाच्या कडेला बसत. मी पितळी कोनमापक गुडघ्याशी धरे. दहा अंश, वीस अंश, तीस अंश, प्रत्येक ठिकाणी तीनदा, जाताना तीनदा आणि येताना तीनदा. मी मीटर वाचायचा, त्यांनी लिहायचं.

दुसऱ्याच सकाळी स्पंजाचं पितळ उघडं पडलं.

“सरळ पायाला काल किती होते?”

“बाराशे ओहम.”

“आज?”

मी मीटरला टिचकी मारली. “सतराशे.”

“रिकाम्या तराजूचा काटा शून्यावर नसेल,” वडील म्हणाले, “तर पुढे बोलायचं काय राहिलं?” आणि तरी ते पुढे बोलत राहिले. चाळीस अंशाला जाताना एक आकडा आणि येताना दुसरा, हे त्यांनी तिसऱ्या दिवशी पकडलं. त्यांना झालेला आनंद मला बघवेना. त्यांनी भाचीला फोन लावला.

“तुझा मामा जाताना एक भाव सांगतो आणि येताना दुसरा.”

भाची म्हणाली, “आजोबा, अगदी बरोबर! स्पंज लगेच मूळ जागेवर येत नाही. आम्हीही त्याच्याशीच झगडतोय. आणखी मोजा ना, जलद वाकवून, सावकाश वाकवून.”

वडिलांनी आणखी दोन रकाने वाढवले. मला भाचीचा राग आला. आपल्या मामाची बाजू घ्यायची सोडून ती शत्रूला दारूगोळा पुरवत होती. मी रात्रीच्या जेवणाला बसलो तरी स्पंजाच्याच बचावाचे मुद्दे घोळवत होतो. पूड कमी पडली असेल, टाके घट्ट बसले असतील, मुळात वायरचा चिमटाच सैल. कोण ऐकतं?

पाचव्या दिवशी मी वैतागलो. बायको भांडी विसळत होती. “मी आता यात पडणार नाही,” मी म्हणालो. “मान्य करतो, यंत्र वाईट आहे. नापास म्हणून टाका आणि विषय संपवा.”

बायकोने नळ बंद केला. “अहो, तुम्ही तो तक्ता वाचता का?”

“काय वाचायचंय त्यात? माझीच नाचक्की.”

“शेवटचे आकडे बघा. परवा त्यांनी पंचावन्न अंशाला मोजलं. आज साठ.”

मी जाऊन तक्ता उघडला. जाताना तीनदा, येताना तीनदा, सकाळ, दुपार, संध्याकाळ. दिवसाला शे-सव्वाशे वेळा गुडघा वाकत होता, मी स्वतः कोनमापक धरून बसलो होतो, आणि माझं सगळं लक्ष स्पंजाच्या अब्रूकडे होतं. नकाशे काढणाऱ्या माणसाने हे कुठे बोलू नये, पण मला समोरचा कोन दिसला नव्हता.

“त्यांना सांगायचं नाही,” बायको म्हणाली. “आणि विषय संपवायचा नाही. त्यात आणखी चुका करून ठेवा.”

आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम वाईट काम करायला बसलो. नवा स्पंज घेतला, पूड निम्मीच घातली, पातळ काला हातानेच ढवळला, टाके वेडेवाकडे घातले. ‘सुधारित आवृत्ती’ म्हणून वडिलांसमोर ठेवला. नवीन यंत्र म्हणजे नवीन तपासणी, पहिल्या रकान्यापासून. त्यांनी हूं की चूं केलं नाही. नवे आठ कागद मागितले.

आणि तो मुद्दाम बिघडवलेला स्पंज, सांगायला लाज वाटते, माझ्या मनापासून केलेल्या स्पंजापेक्षा बरा निघाला. सरळ पायाला रोज तोच आकडा. जातानाचा आणि येतानाचा फरक जेमतेम. भाची फोनवर म्हणाली की पातळ लेप छिद्रांत नीट मुरला असेल. वडील प्रत्येक ओळीला ‘ठीक’ लिहू लागले आणि आम्ही दोघं घाबरलो. स्पंज पास झाला तर तपासणी थांबणार, आणि गुडघा अजून पंचाहत्तरवर होता. बाईंच्या मुदतीला पाच दिवस उरले होते.

“आता राहिली कमाल क्षमता,” वडील एका संध्याकाळी म्हणाले.

“पुरे की बाबा. पंचाहत्तरपर्यंत बघितलंत.”

“शंभर किलोचा काटा असेल तर शंभर किलो ठेवूनच बघायचा असतो. शंभर तू लिहून दिलंयस.”

ते चार दिवस मला आठवायला आवडत नाहीत. ऐंशीला त्यांच्या कपाळावर घाम यायचा. पलंगाची कड ते असे धरायचे की बोटं पांढरी पडायची. पंच्याऐंशीला त्यांनी डोळे मिटून घेतले. मी म्हणालो, बाबा, राहू दे, मी खोटं लिहून दिलं होतं, क्षमता ऐंशीच धरा.

“दावा तुझा,” ते दात आवळून म्हणाले. “तपासणी माझी. आकडा सांग.”

मी आकडा सांगितला. त्यांनी तो पुन्हा विचारला आणि मगच लिहिला.

मुदतीच्या दिवशी बाईंनी आपला प्लास्टिकचा कोनमापक लावला. वाचला. काढून पुन्हा लावला.

“ब्याण्णव,” त्या म्हणाल्या. “भूल वगैरे काही लागणार नाही आता. आजोबा, व्यायाम चांगलाच वाढवलेला दिसतोय!”

“छे,” वडील म्हणाले. “व्यायामाला वेळ कुठे होता?”

मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. समोर बघण्यासारखं काही नव्हतं, कोणीतरी एक गाडी मागे घेत होतं. बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

घरी आल्यावर वडिलांनी अंतिम अहवाल माझ्या हातात दिला. सुधारित आवृत्ती नव्वदच्या पुढे थोडी फाटली होती. निकाल: नापास. यंत्र जप्त करून तपासणी अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवावे. खाली तारीख, सही, आणि हुद्द्याच्या आधी कंसात ‘निवृत्त’. हे सगळं मी अपेक्षेप्रमाणे वाचत गेलो. एक रकाना मात्र दोन आठवडे मी कोराच पाहिला होता, तो आता भरलेला होता. ‘तपासणी अधिकाऱ्याची निर्मात्याशी ओळख आहे काय?’ समोर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘आहे. चांगली आहे.’

मी तो दोनदा वाचला. मग अक्षरं दिसेनाशी झाली, म्हणून चष्मा पुसला.

“बाबा,” मी म्हणालो, “ओळख असली तर तपासणी करताच येत नाही ना? रद्द होते ना?”

“होते,” वडील वर्तमानपत्र उघडत म्हणाले. “म्हणून तर तो रकाना शेवटी भरायचा असतो.”